पडक्या भिंती आणि रिकामी तिजोरी

संघाच्या या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. बाजारभाव, मालाची आवक-जावक, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे यांवर अधिकारवाणीने लिहिणारी मंडळी संघात पुष्कळ आहेत. माझा विषय त्याहून जमिनीलगतचा आहे. ज्या छपराखाली बसून आपण व्यापार करतो ते छप्पर, आणि त्या छपरावर महापालिका जी पट्टी बसविते ती पट्टी, या दोहोंविषयी मला लिहावयाचे आहे. या दोन गोष्टी आपण नेहमी निरनिराळ्या वह्यांत मांडतो. वस्तुतः त्या एकाच खात्याच्या जमा आणि नावे अशा दोन बाजू आहेत, असे माझे मत आहे. आणि त्या खात्यात आपल्या व्यापारी वर्गाच्या नावे जी बाकी निघते, तीही सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

जुन्या पेठा असलेल्या कोणत्याही गावात मृगाच्या तोंडावर एक कागद भिंतीवर डकविला जातो. ही इमारत धोकादायक आहे, रहिवाशांनी ती मोकळी करावी, न केल्यास होणाऱ्या जीवितहानीस पालिका जबाबदार राहणार नाही, असा त्याचा मथितार्थ असतो. पहिल्या सरीने तो कागद भिजतो, दुसरीने खळ सुटते, आणि श्रावण उजाडेपर्यंत तो गटारात गेलेला असतो. इमारत उभीच असते, आत दुकान चालू असते, माडीवर बिऱ्हाड नांदत असते. पुढील वर्षी पुन्हा नवा कागद. या कागदामुळे पालिकेची जबाबदारी कागदोपत्री संपते, मालकाची संपते आणि भाडेकरूचीही संपते. उरते ती केवळ भिंत.

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी घरचेच उदाहरण देतो. बेळगावच्या रविवार पेठेतील आमची पेढी तीन पिढ्या भाड्याच्या जागेत आहे. आजोबांनी ती महिना पंचवीस रुपयांनी घेतली. वडिलांच्या काळी भाडे चाळीस रुपयांवर गेले आणि तेथेच थांबले. मी नुकताच दुकानात बसू लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. मागील भिंत पावसाने फुगली होती आणि सज्जाची तुळई वाळवीने पोखरली होती. घरमालकीणबाई एके दिवशी सकाळी पेढीवर आल्या. वडिलांना म्हणाल्या, "अण्णा, तुळई कधी बसेल याचा नेम नाही. भाड्यात थोडी वाढ करा, म्हणजे मी सुतार-गवंडी बोलावीन. माझ्याच्याने एकटीच्याने ते होत नाही." वडिलांनी त्यांना पाणी दिले, चहा मागविला आणि शांतपणे उत्तर दिले, "अक्का, ठरलेले भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला आपल्या घरी पोचते की नाही?" बाई काही बोलल्या नाहीत. चहा तसाच ठेवून त्या निघून गेल्या. त्याच आठवड्यात आम्ही आमच्या खर्चाने सज्जाखाली एक सागवानी टेकू दिला.

वडील कायद्याने चुकले नव्हते. वहीखात्यानेही चुकले नव्हते. चाळीस रुपयांत जागा मिळत असताना चारशे कोण देईल? परंतु त्या चाळीस रुपयांतून घरपट्टी वजा जाता बाईंच्या हाती जे उरत असे, त्यात तुळई तर राहोच, तिच्यावर मारावयाचे डांबरही येत नव्हते.

हा हिशेब एका दुकानाचा झाला. मुंबईत तोच एका अफाट शहराचा झाला, आणि म्हणून त्या शहराची हकीकत आपण नीट समजून घेतली पाहिजे. आपल्यापैकी अनेकांचे आप्त तेथील बाजारांत आहेत हे एक कारण. आणि ज्या कायद्याने ही कथा सुरू होते तो झाला, तेव्हा बेळगावही मुंबई राज्यातच होते हे दुसरे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांची दाटी झाली, जागा मिळेना, भाडी भडकली. तेव्हा भाडेकरूंना संरक्षण देणे योग्यच होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच जुन्या जागांचे प्रमाण भाडे ठरविले. हा कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढी घेत पन्नास वर्षे राहिला. मधल्या काळात धान्य, कापड, सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी या सर्वांचे भाव किती पटींनी वाढले हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको. भाडे मात्र १९४० च्या सप्टेंबरात उभे राहिले ते उभेच राहिले. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत, असे स्पष्ट म्हटले. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, आणि बँका, सरकारी उपक्रम, परदेशी कंपन्या व एक कोटी वा अधिक भागभांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले. परंतु पन्नास रुपयांवर दरसाल ४ टक्के म्हणजे दोन रुपये! अठरा वर्षांत भाडे दुप्पट होईल खरे. तथापि शंभर रुपयांत आज काय येते?

मालकाला उत्पन्न नाही म्हणून त्याने दुरुस्ती सोडली, येथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिचे दुसरे टोक तितकेसे ठाऊक नाही, आणि ते पालिकेच्या तिजोरीत आहे. घरपट्टी बसत असे ती करयोग्य मूल्यावर, आणि करयोग्य मूल्य म्हणजे ती जागा भाड्याने दिली असता वर्षाला जे भाडे यावे ते, असा जुना नियम. मग कायद्याने भाडे बांधून टाकले असेल तर? कलकत्ता महापालिकेच्या एका खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्याने जे प्रमाण भाडे घेता येते त्याहून अधिक भाडे कल्पून पालिकेला कर आकारता येणार नाही. पुढील वीस वर्षांत दिल्ली आदी शहरांच्या खटल्यांतून हे तत्त्व अधिकच पक्के झाले. न्यायाच्या दृष्टीने ते बिनचूक आहे. मालकाला जे मिळतच नाही त्यावर कर कसा घ्यावा? परंतु त्याचा परिणाम असा झाला की, शहराच्या भरवस्तीतील, सोन्याच्या भावाच्या जमिनीवरील चारमजली इमारत पालिकेच्या वहीत एखाद्या खेड्यातील घराच्या मोलाची ठरली. भाडे गोठले तशी घरपट्टीही गोठली. ज्या कायद्याने इमारतीचा चुना झडला, त्यानेच पालिकेची थैलीही रिकामी केली.

यावर राज्य सरकारने १९६९ मध्ये एक उपाय काढला. जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवून त्या पैशातून दुरुस्ती व पुनर्रचना करणारे मंडळ स्थापन करण्यात आले. अशा उपकरप्राप्त इमारती मुंबई बेटावर १९,६४२ भरल्या; त्यांपैकी १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. विचार चांगला होता. दोष असा की, हा उपकरदेखील त्याच गोठलेल्या करयोग्य मूल्याच्या टक्केवारीने आकारावयाचा होता. विहीर आटली म्हणून पाणी आणावयास निघालेल्या माणसाने त्याच विहिरीत दुसरा पोहरा सोडावा, असाच हा प्रकार. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरवार मर्यादा घालावी लागली. मर्यादेपलीकडचा खर्च रहिवाशांनी द्यावा असे ठरले आणि रहिवाशांनी तो बहुधा दिला नाही. १९८६ मध्ये आणखी एक तरतूद आली. भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन जुनी इमारत संपादन करता यावी, अशी ती होती. पन्नास रुपये भाड्याची खोली म्हणजे पाच हजार रुपये! घरमालक न्यायालयात गेले, आणि त्या वादातून निघालेला खाजगी मालमत्तेचा मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे पोचून त्याचा निकाल लागण्यास ५ नोव्हेंबर २०२४ हा दिवस उजाडावा लागला. तेवढ्या अवधीत किती तुळया बसल्या असतील!

आता जकातीकडे येतो, कारण येथे आपला थेट संबंध आहे. घरपट्टी वाढत नाही असे पाहिल्यावर मुंबई महापालिकेने आपला भार जकातीवर टाकला, आणि जकात हा तिचा सर्वांत मोठा आधार बनला. मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोली येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक वर्णन नको. डिझेल जाळीत उभा असलेला माल, बिलांवरचे वाद, चालकाच्या हातातील चुरगळलेली पावती. हा कर वाईटच होता. मध्य प्रदेशाने तो १९७६ मध्ये काढला, कर्नाटकाने १९७९ मध्ये, गुजरातच्या महापालिकांतून तो २००७ मध्ये गेला. महाराष्ट्रात मुंबईबाहेर २०१० पासून क्रमाक्रमाने त्याच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापारी त्यातून सुटले. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर येताच, संपली. तेव्हा तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे ७ हजार कोटी रुपये होते.

ती जाणे हा आपल्या वर्गाचा विजय होता आणि त्याचा मला आनंदच आहे. परंतु त्या आनंदात एक प्रश्न आपण कोणीच विचारला नाही. जकात ही केवळ व्यापाऱ्यावरची सक्ती नव्हती. गोठलेल्या घरपट्टीची जी तूट होती ती भरून काढणारी ती रक्कम होती. ती गेल्यावर तूट कोण भरणार? उत्तर असे मिळाले की, राज्य सरकार दरमहा भरपाई देईल आणि तीत दरसाल ८ टक्के वाढ होईल. जुलै २०१७ मध्ये पहिला धनादेश सुमारे ६४७ कोटींचा होता. म्हणजे देशातील सर्वांत श्रीमंत म्हणविणारी महापालिका आपल्या उत्पन्नाच्या एका मोठ्या भागापुरती वर्षासनावर जगू लागली. वर्षासन वेळेवर मिळते तोवर ठीक. परंतु वर्षासनावर जगणारा गृहस्थ घराची कौले फेरण्याचा बेत सहसा करीत नाही.

आपला स्वतःचा मार्ग महापालिकेने शोधलाच नाही असे नाही. २०१० पासून मुंबईत भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर घरपट्टी आकारण्याची पद्धत सुरू झाली. गोठलेल्या भाड्याच्या बेडीतून सुटण्याचा तोच राजमार्ग होता. परंतु नियम करताना घाई व अतिलोभ झाला. जमिनीवर भविष्यात जे बांधता येईल त्याचेही मूल्य आजच धरण्यात आले. मालकांनी आव्हान दिले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द झाल्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी जागांची घरपट्टी पूर्णतः माफ झाली होती. अशा जागा सुमारे १६ लाख. या माफीची निंदा करणे लोकप्रिय होणार नाही हे मी जाणतो. खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या विधवेस पट्टी माफ व्हावी यात कोणाचे दुमत असेल? परंतु ४९० चौरस फुटांच्या, कोट्यवधी किमतीच्या नव्या सदनिकेसही तीच माफी मिळावी यात दया कोठली? शिवाय जो काहीच देत नाही त्याचे पालिकेपाशी मागणेही हळूहळू पातळ होते. पावती हातात असलेला मनुष्य कचेरीत जाऊन "माझ्या भिंतीचे काय?" असे ज्या जोराने विचारतो, तो जोर फुकट मिळालेल्या सवलतीत नसतो.

या आर्थिक कथेचा शेवट आकड्यांत होत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील शतकाहून जुनी हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जीव गेले. त्या सबंध वस्तीच्या पुनर्विकासाचे काम एका धर्मादाय न्यासाने हाती घेतले होते. इमारतीतील काही कुटुंबे संक्रमण निवासात गेलीही होती, काही मागे राहिली होती. जी गेली ती वाचली. मागे राहिलेल्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मुंबईत संक्रमण शिबिरात तात्पुरती म्हणून गेलेली कुटुंबे तीस-तीस वर्षे तेथेच राहिल्याची उदाहरणे सर्वांपुढे आहेत. एकदा उंबरा सोडला की हक्क गेला, ही भीती मनात असलेला मनुष्य पडणाऱ्या छपराखालीही झोपतो, कारण त्याच्या दृष्टीने छप्पर पडण्याचा धोका अनिश्चित आहे आणि जागा जाण्याचा धोका निश्चित.

आणि मालकाच्या गरिबीनेच इमारती पडतात असेही नाही. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी माझगावात डॉकयार्ड रोडनजीक जी इमारत जमीनदोस्त झाली ती स्वतः महापालिकेच्या मालकीची होती, तीत तिच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती, आणि तिचे वय जेमतेम तेहेतीस वर्षे होते. ६१ माणसे मेली. इतरांना धोक्याचे कागद डकविणाऱ्या पालिकेला आपल्याच भिंतीवर कागद डकविता आला नाही. परंतु या प्रसंगातील आणखी एक गोष्ट आपण व्यापाऱ्यांनी विसरू नये. तळमजला एका व्यावसायिकाला वखारीसाठी भाड्याने दिलेला होता, आणि त्याने आत परवानगीवाचून फेरबदल केले असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. चार वर्षांनी, २५ जुलै २०१७ रोजी, घाटकोपरला एक चारमजली इमारत पडून १७ जण गेले. तेथेही तळमजल्यावरील व्यवसायाच्या जागेत चाललेले फेरफार हेच कारण पुढे आले.

तळमजला म्हणजे आपण. खांब आड येतो म्हणून तो बारीक करणे, भिंत काढून दोन गाळे एक करणे, पोटमाळा चढवून त्यावर शंभर पोती रचणे, हे उद्योग आपल्या पेठांत कोणी केले नाहीत असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? माडीवर झोपलेल्या लेकराला हे ठाऊकही नसते. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या आपल्या समाजाने या वजनाचाही विचार करावा.

मुंबईची एवढी लांबण लावली, आता आपल्या दारी येतो. इंदूरला सरवटे बसस्थानकाजवळ ३१ मार्च २०१८ रोजी एक जुनी हॉटेलची इमारत पडून दहा माणसे गेली. धारवाडला १९ मार्च २०१९ रोजी बांधकाम चालू असलेली व्यापारी इमारत पडून एकोणीस. म्हणजे जुन्याला गंज आणि नव्याला घाई, असे दोन्हीकडून संकट आहे. आपल्या शहरांना मुंबईची जमीन नाही, म्हणून तेथे जो पुनर्विकासक पाच मजले फुकट बांधून देऊन वरचे वीस विकतो, तो आपल्याकडे फिरकणार नाही. आपल्या भिंती आपल्यालाच सावराव्या लागतील.

कर्नाटकात भाड्याच्या कायद्याची बेडी पुष्कळ सैल झाली आहे, हे अनेक सभासदांना माहीत नसावे असे त्यांच्या बोलण्यावरून वाटते. ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आलेल्या कायद्याने १४ चौरस मीटरपेक्षा मोठ्या व्यापारी जागांचे जुने संरक्षण गेले. लहान दुकानदाराला ते आहे, आणि असावे. परंतु मोठ्या पेढ्यांना चाळीस-पन्नास रुपयांत बसण्याचा हक्क कायद्याने उरलेला नसता, केवळ मालक गरीब आहे, दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो, या आधारावर तेथे बसून राहणे हे मला तरी शोभत नाही. मालकाने वाजवी भाडे घ्यावे आणि त्यातील ठराविक हिस्सा दुरुस्तीसाठी निराळा ठेवावा, असा लेखी करार आपसांत करण्यास कोणत्या कायद्याची आडकाठी आहे?

जागा सोडल्यास हक्क जाईल या भीतीवरही आता उत्तर आहे. शेजारच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतील एका प्रकरणात पालिकेने धोकादायक म्हणून इमारत पाडली, आणि इमारत गेली म्हणजे भाडेकरूचा हक्कही गेला, असे मालकाचे म्हणणे होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ते अमान्य केले. भाडेकरूचा हक्क केवळ भिंतींवर नसून खालच्या जमिनीवरही असतो, म्हणून इमारत पाडल्याने तो नष्ट होत नाही, असा तो निर्णय आहे. हा निर्णय वर्तमानपत्रांत यावा तितका आला नाही. माझ्या मते प्रत्येक पालिकेने धोक्याच्या कागदासोबतच दुसराही एक कागद भाडेकरूच्या हाती दिला पाहिजे: अमुक इसम अमुक मजल्यावर अमुक चौरस फूट जागेत भाडेकरू होता, असा मोजमापासह दाखला. या एका कागदाला खर्च काय तो मोजणीदाराच्या एका दिवसाचा. परंतु त्याने जितकी माणसे घराबाहेर निघतील तितकी पोलीस पाठवूनही निघणार नाहीत. मुंबईच्या कायद्यात तीस वर्षांवरील इमारतींची तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याची सक्ती आहे, आणि धोक्याप्रमाणे वर्ग पाडून अतिधोकादायक इमारतींची यादी तेथे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध होते. यादी प्रसिद्ध करणे सोपे, दाखला देणे त्याहून सोपे. तरी दुसरे होत नाही, कारण दाखला दिला की पालिकेवर काहीतरी बंधन येते.

आता शेवटची, कडू गोष्ट. पालिकेपाशी अभियंते पुरेसे नाहीत, मोजणीदार नाहीत, ही तक्रार आपण संघाच्या प्रत्येक सभेत करतो. तिकडे एप्रिल महिन्यात ५ टक्के सूट मिळते म्हणून पट्टी भरावयास आपण रांगेत पहिले असतो. फार चांगले. परंतु आपल्याकडे घरपट्टीचे विवरण आपणच भरावयाचे आहे, जागेचे माप आपणच लिहावयाचे आहे. त्यात पोटमाळा किती जणांनी लिहिला? मागची वखार अजून घर म्हणूनच किती जणांच्या कागदावर आहे? तराजूत खोट ठेवणे हा अचौर्याणुव्रताचा भंग आहे हे लहानपणी पाठशाळेत शिकलेले आपण, जागेच्या फुटपट्टीला मात्र तो नियम लावीत नाही. संघाने याबाबत पालिकेपुढे जावे ते रिकाम्या हाताने नव्हे. आम्ही सभासदांची खरी मापे देतो. त्यामुळे जी वाढीव पट्टी येईल ती निराळ्या खात्यात ठेवून तिच्यातून जुन्या पेठेची तपासणी व भाडेकरूंचे दाखले यांचा खर्च करा, आणि त्याचा हिशेब दरसाल आम्हांस दाखवा, असे सांगावे. पालिका ऐकेल की नाही हे मी सांगू शकत नाही. न ऐकल्यास तिला बोल लावण्याचा अधिकार तरी आपल्याला येईल. आज तो अर्धाच आहे.

आपल्या न्यासांच्या इमारतींचीही तपासणी याच वर्षी व्हावी. धर्मशाळा, वसतिगृह, पाठशाळा यांच्या तळमजल्यावर नाममात्र भाड्याने बसलेली दुकाने कोणाची आहेत हे मी लिहीत नाही. विश्वस्तांना ते ठाऊक आहे.

आमच्या दुकानाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. मालकीणबाई वारल्या. नवा कायदा आल्यावर त्यांचे चिरंजीव आले. नोटीस घेऊन नव्हे, बोलण्यासाठी. भाडे पुष्कळ वाढवून दिले आणि दुरुस्ती त्यांनी करावी असे ठरले. परंतु पुढे भावाभावांत वाटणीचा दावा लागला आणि काम राहून गेले. आम्हीही तगादा लावला नाही, कारण दुकान बंद ठेवण्याची कोणालाच घाई नव्हती. या वर्षी मी अभियंत्याला बोलाविले. त्यांनी हातोडीने तुळई ठोकून पाहिली, टेकूवर हात ठेवला आणि हा कोणी बसविला असे विचारले. खर्चाचा अर्धा वाटा आम्ही देतो असे मालकांच्या तिन्ही मुलांना लिहून कळविले आहे. दोघांची संमती आली आहे, तिसऱ्याच्या पत्राची वाट पाहत आहे. दिवाळीचे वहीपूजन आटोपले की तीन महिने दुकान हलवावे लागेल. तोवर टेकूजवळ पोती रचू नयेत, असे मुलांना बजावून ठेविले आहे.